सर्व्हर मयत, वारस नोंद बाकी

सोलापुरात यंत्र मोडेपर्यंत वापरतात असं कुणी म्हणालं तर तो सोलापूरचा नाही. आम्ही मोडल्यावरही वापरतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत असे माग आहेत की त्यांचा मूळचा एक नटसुद्धा उरलेला नाही, तरी टॉवेल विणायचं काही थांबत नाही. त्यामुळे अण्णांच्या कारखान्यातला विंडोज सर्व्हर २००३ वाला डबा, मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०१५ ला त्याच्याशी संबंध तोडल्यानंतरही निवांत चालू होता, याचं कुणाला काही वाटलं नाही. सुताचा स्टॉक, चादरींच्या ऑर्डरी, कामगारांची उचल, सगळं त्यावरच्या, फॉक्सप्रो नावाच्या जुन्या डेटाबेसात लिहिलेल्या प्रोग्राममध्ये. तो लिहिणारा पोरगा पुण्याला गेला आणि पुण्याला गेलेली माणसं फोन उचलत नाहीत.

मला बोलावणं आलं ते मे महिन्यात, पारा ४२ च्या पुढे गेलेला असताना. डब्याचं झाकण काढलं तर आत तुसाचा थर. पंखा फिरत होता की नुसता थरथरत होता ते कळेना. रेडमधल्या, म्हणजे एका कंट्रोलरखाली जोडीने चालणाऱ्या, दोन डिस्कपैकी एकीचा बिघाडाचा लाल दिवा लागलेला असणार, कारण त्यावर काळी चिकटपट्टी होती.

"हे कुणी लावलं?"

"मीच," दिवाणजी म्हणाले. "डोळ्याला लागत होता ओ. दिवसभर लाल लाल."

प्रोग्रामची सीडी नाही, लिहिणारा नाही, आणि जुन्या डब्याचा भरवसा नाही. अशा वेळी एकच रस्ता: अख्खी डिस्क, आहे तशी, फाईलमध्ये उचलायची आणि नव्या मशीनवर हायपर-व्हीत, म्हणजे एका संगणकाच्या पोटात दुसरा चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीत, व्हर्च्युअल मशीन म्हणून उठवायची. आमच्या धंद्यात याला 'पी टू व्ही', म्हणजे फिजिकल टू व्हर्च्युअल, म्हणतात आणि ज्यांनी केलेलं नाही ते 'दोन तासांचं काम' म्हणतात.

उचलणं सोपं असतं. डिस्कटूव्हीएचडी नावाचं छोटं टूल चालवायचं, ते शॅडो कॉपीच्या, म्हणजे त्या क्षणाला डिस्क गोठवून दाखवणाऱ्या विंडोजच्या सोयीच्या, आधाराने चालू मशीनचीच प्रत काढतं, दिवाणजींना पावती फाडायची थांबवावी लागत नाही. मी बाजूला बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. या सगळ्या प्रकरणात बिनचूक झालेली गोष्ट तेवढीच.

फाईल नव्या मशीनवर जोडली, सुरू केली. विंडोजचं चिन्ह आलं, पट्टी सरकली आणि पडदा निळा. स्टॉप ७बी. इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस.

"रंग बरा आहे," अण्णा मागून म्हणाले. त्यांना प्रत्येक रंगात चादर दिसते.

दुखणं साधं असतं. जुन्या डब्यात डिस्क रेड कंट्रोलरला टांगलेली, त्यामुळे विंडोजने आयडीईचा, म्हणजे डिस्क जोडायच्या जुन्या साध्या पद्धतीचा, ड्रायव्हर कधी जागाच केलेला नव्हता. हायपर-व्हीत असलं जुनं पाखरू बूट होतं ते आयडीईवरूनच. म्हणजे स्वतःच्याच डिस्कवर बसलेलं मशीन डिस्क कुठे गेली म्हणून ओरडतंय. ती फाईल दुसऱ्या विंडोजला जोडली, तिच्यातली रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची वही, बाहेरून उघडली. इंटेलआयडीई या ड्रायव्हरपुढे स्टार्टच्या खान्यात ४. ४ म्हणजे बंद, ० म्हणजे बूट होतानाच ऊठ. ४ चा ० केला, क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेसमध्ये, म्हणजे बूट होताना लागणाऱ्या हार्डवेअरच्या यादीत, राहिलेल्या नोंदी घातल्या. एका आकड्यासाठी रात्र जाते आणि सकाळी अण्णा विचारतात, "नेमकं काय केलंस?" चाराचा शून्य केला म्हणून सांगितलं तर बिल कोण देणार?

यावेळी लॉगिनचा पडदा आला. दिवाणजींनी खुर्चीतूनच "हर्र बोला हर्र!" केलं, जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेत करतात तसंच.

पण माउस हलेना. मी दुसऱ्या संगणकावरून, रिमोट डेस्कटॉपने बसलेलो. इंटिग्रेशन सर्व्हिसेस, म्हणजे आतल्या विंडोजसाठीचे हायपर-व्हीचे ड्रायव्हर, घातल्याशिवाय तिथून माउस आत शिरत नाही, आणि त्या घालायच्या म्हणजे माउस हवा. टॅब, एंटर, ऑल्ट, बाण. दिवाणजींना हे फार आवडलं. फॉक्सप्रोवाल्या माणसाला माउस म्हणजे नसती थेरंच वाटतात.

माउस आला, नवं नेटवर्क कार्ड आलं. त्याला नेटवर्कवरचा जुनाच पत्ता द्यायला गेलो, १९२.१६८.१.१०, कारण सगळ्या काउंटरवरच्या संगणकांत तोच कोरलेला. विंडोज म्हणालं, हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाच्या नावावर आहे. कुठलं कार्ड? जे या मशीनमध्ये नाही ते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या हार्डवेअरच्या यादीत, दिसत नाही, पण पत्ता सोडत नाही.

इथे अण्णा पहिल्यांदा पुढे सरकले. "बे, हे तर आमच्या अक्कलकोटच्या शेतासारखं. सातबाऱ्यावर अजून आजोबाच आहेत. जाऊन किती वर्षं झाली, पण नाव निघत नाही."

इतकं नेमकं मला कुठल्या मॅन्युअलमध्ये वाचायला मिळालेलं नाही. तलाठ्यापेक्षा विंडोज बरं एवढंच. कमांड प्रॉम्प्टवर 'डेव्हएमजीआर शो नॉनप्रेझेंट डिव्हायसेस' हा लांबलचक मंत्र १ करून घालायचा, तिथूनच डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, हिडन डिव्हायसेस दाखव म्हणायचं. मग मयत मंडळी फिक्या रंगात एकेक करून हजर होतात: जुनं कार्ड, रेड कंट्रोलर, कधीकाळी लावलेला प्रिंटर. कार्डावर राइट क्लिक, अनइन्स्टॉल. पत्ता मोकळा.

"झाली वारस नोंद," अण्णा म्हणाले. "पैसे न देता!"

जुना डबा भंगारात द्यायला मात्र ते तयार होईनात. खंडेनवमीला मागांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागायचं. न दिसणाऱ्या मशीनला ते कुठे लावायचं? मुद्दा बिनतोड होता. मी नेटवर्कची वायर काढली, डबा बंद केला आणि दिवाणजींना बजावून सांगितलं की याला हात लावायचा नाही.

पुढच्याच आठवड्यात रात्री लाईट गेली आणि यूपीएसने मान टाकली. सकाळी दिवाणजींनी सवयीने आधी जुन्या डब्याचं बटण दाबलं. शेजारी वायर लोंबकळत दिसली, तीही खोचली. जुन्याने उठल्या उठल्या आपला पत्ता पकडला आणि नवं मशीन पत्ता आधीच कुणीतरी घेतल्याची तक्रार करत बसलं. दुपारपर्यंत सगळ्या कामगारांची उचल जुन्याच वहीत चढत होती.

मी पोचलो तेव्हा अण्णा दारातच उभे. "नाव काढलं म्हणालास ना सातबाऱ्यावरनं? मग म्हातारा सह्या कसा करायलाय?"

मी म्हाताऱ्याची पॉवर केबल उपसून बॅगेत टाकली, नव्या मशीनसमोर बसलो आणि दिवाणजींना म्हणालो, "हं, पहिली उचल वाचा."