१०९ दारं आणि आमचा ओटा

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन महिने एकच वाद चालूय, चिपळूणकडचं गावचं घर पाडायचं की ठेवायचं. चिऱ्याचं, कौलारू, राहायला कोणी नाही. अर्धे म्हणतात विका, अर्धे म्हणतात होमस्टे करू, आम्ही पूर्वीचे खोत, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारे, तर 'खोतांचा वाडा' अशी पाटी लावली की पुण्या-मुंबईची माणसं धावत येतील.

मी इथे मॉरिशसला. मागच्या रविवारी मोकाचं युरेका बघितलं, १८३० च्या दशकातलं ऊसमळ्याच्या मालकाचं घर. १८५६ ला लेक्लेझिओ घराण्यातल्या एकाने लिलावात घेतलं आणि बोली लागल्यावर 'युरेका' ओरडला म्हणून हे नाव, असं सांगतात. घर देखणं आहे, खोटं कशाला बोलू. सगळं लाकडी, भोवती व्हरांडा, आणि दारं किती तर १०९! वारा इकडून शिरतो तिकडून जातो, एसीची आठवणसुद्धा होत नाही. स्वयंपाकघर मात्र मागे वेगळं, दगडी, म्हणजे आग लागली तरी मोठं घर वाचावं.

सोबत ऑफिसमधला इथलाच मराठी मित्र होता, त्याचे पूर्वज रत्नागिरीकडून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर आलेले. १८३५ ला इथली गुलामगिरी संपली, मळ्यांना हात हवे होते, म्हणून हिंदुस्थानातून साडेचार लाखांवर मजूर आणले. बाहेर पडताना तो म्हणाला, "खुर्च्या कुठल्या लाकडाच्या ते कळलं, आमची माणसं झोपायची कुठे ते राहिलंच."

मला आमचा ओटा आठवला. कुळं अंगणात उभी राहायची, ओट्यावर चढायची नाहीत, आणि पावसाआधी कौलं चाळायला यायची ती वेठीला, फुकट. खोती मोडायचं बिल बाबासाहेबांनी १९३७ ला मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. कोकणातून माणसं इतक्या लांब ऊस तोडायला का गेली, त्यात दुष्काळ-कर्ज असेलच, पण आमच्यासारख्यांच्या ओट्याचाही वाटा असणार ना?

ग्रुपवर हे टाकलं तर दादाचं लगेच उत्तर, "तिकडे बसून ज्ञान देऊ नकोस, कौलांचे पैसे पाठव." त्याचंही बरोबरच आहे म्हणा, गळती त्याला दिसते, मला फोटो दिसतात. पैसे पाठवले. घर ठेवाच असं माझं मत आहे, पण नुसत्या वैभवाची पाटी नको. वेठीला येणाऱ्या घरांची नावं काकूला अजून तोंडपाठ आहेत, पुतण्याला सांगितलंय गणपतीत गेलास की फोनवर रेकॉर्ड करून घे.