दोरीउड्या मारून गर्भाशय सरकत नाही

आईने फॅमिली ग्रुपवरचा एक मेसेज वाचला आणि सातवीतल्या माझ्या भाचीचा खो-खो बंद झाला. बूट पिशवीत गुंडाळून माळ्यावर. खांबावर झेपावताना गुडघा खरचटला होता, त्याची खपलीसुद्धा अजून पडलेली नाही. मेसेज सांगतो: पाळी सुरू झालेल्या मुली धावल्या, दोरीउड्या मारल्या की गर्भाशय सरकतं आणि पुढे मूल होत नाही; उंची खुंटते; अभ्यासाची ताकद मैदानात जाते. खाली ‘डॉक्टरांचा सल्ला’. डॉक्टरांचं नाव नाही.

गर्भाशयाचं आधी बोलते, कारण घाबरवलंय त्यानेच. ते पोटात लोंबकळणारी पिशवी नाही. कमरेच्या हाडांच्या कड्यात बसलेलं असतं, बाजूंनी बंधांनी धरलेलं आणि खालून स्नायूंनी तोललेलं. ‘अंग बाहेर येणं’, म्हणजे गर्भाशय खाली सरकणं, हे खरं दुखणं आहे, पण ते मुख्यतः बाळंतपणांनंतर आणि उतारवयात होतं. जुनाट खोकला, वर्षानुवर्षं उचललेलं ओझं त्यात भर घालतं. बारा वर्षांच्या मुलीला उड्या मारून ते होत नाही. आई, या वयात तू विहिरीवरून दोन-दोन हंडे आणायचीस. तेव्हा कुणाला तुझ्या गर्भाशयाची काळजी वाटली नव्हती. मुलगी मजेने धावायला लागली की मात्र वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा सल्ला वाचा. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणारी. मुली वगळा, असं त्यात कुठेही नाही. उलट हाडं भरतात ती याच वयात, आणि धावण्या-उड्यांच्या दणक्याने जास्त भरतात.

एक मान्य करते. सराव भरमसाट आणि पोटात अन्न नाही, असं चाललं तर पाळी थांबू शकते. पण त्यावर उपाय ताटात वाढायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं, खेळ कायमचा बंद करायचा नाही. पाळीत दुखत असेल त्या दिवशी बसू दे, नसेल तर खेळू दे.

उंची उड्यांनी खुंटत नाही. आणि अभ्यास? खो-खोचा तो तास आता मोबाइलवर जातोय, वहिनीच सांगत होती.

वहिनी, रविवारी येतेय. बूट माळ्यावरून काढून ठेव. अंगठ्याला घट्ट होत असतील तर नवे घेऊ.