‘अनफिट’चा शिक्का नको, औषध द्या

माझ्या आधीच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे बंधू दोह्यात कामगारांची मेस सांभाळतात. ‘जंत असलेला आचारी नको म्हटलं तर चुकलं काय? तुम्ही दयेपोटी लोकांच्या आरोग्याशी खेळताय,’ असं तुम्ही लिहिलंत. पण तपासणी नको असं मी म्हटलेलंच नाही. आखातात कामाला निघालेल्या पोराच्या स्टूल टेस्टमध्ये, म्हणजे शौचाच्या तपासणीत, काही निघालं तर ‘अनफिट’ म्हणून त्याला घरी बसवू नका, औषध द्या, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आजही आहे.

सगळे जंत सारखे नसतात. गोल जंताचं अंडं शौचातून बाहेर पडतं तेव्हा कुणालाच बाधत नाही. ओल्या मातीत दोन-तीन आठवडे राहिलं तरच बाधतं. हुकवर्म या रक्त शोषणाऱ्या जंताची अळी मातीतून अनवाणी पायात शिरते. आचाऱ्याच्या पोटात हे दोन्ही असले तरी त्याच्या हातच्या आमटीतून ते कुणाला होत नाहीत. रक्त कमी होतं ते त्याचं स्वतःचं. जिआर्डिया आणि अमिबा हे डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय परजीवी मात्र वेगळे. त्यांच्या सिस्ट, म्हणजे कवचातले जंतू, बाहेर पडल्या पडल्या दुसऱ्याला लागू शकतात. तिथे तुमची काळजी खरी आहे.

पण ती काळजी एका रिपोर्टने मिटत नाही. मी बावीस वर्षं लॅबमध्ये हेच काम करते. काडीच्या टोकावर मावेल एवढा नमुना, काचपट्टीवर एका बाजूला सलाईनचा थेंब, दुसरीकडे आयोडीनचा. आयोडीनमध्ये पिवळसर गोल सिस्ट दिसते, आत चार ठिपके. ती आव पाडणाऱ्या हिस्टोलिटिका जातीच्या अमिबाची की निरुपद्रवी डिस्पार जातीच्या, हे सूक्ष्मदर्शकाखाली नुसतं बघून कुणालाही सांगता येत नाही. शिवाय सिस्ट रोज पडतातच असं नाही, त्यामुळे ज्याचा एक नमुना साफ आला तो निर्धोक, असंही म्हणता येत नाही.

दापोलीकडचा एक मुलगा दुसऱ्या लॅबचा, सिस्ट दिसल्याचा रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आला होता. हातात नवी बॅग, दुकानाचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. ‘ताई, माझं तर पोटही दुखत नाही,’ एवढंच म्हणत राहिला. डॉक्टरांच्या औषधाने पुढचा रिपोर्ट साफ आला, पण तोवर त्याच्या जागी दुसरा गेला होता. एजंटला दिलेले पैसे बुडाले. हे मी विसरू शकत नाही.

आपल्याच शाळा-अंगणवाड्यांत २०१५ पासून १० फेब्रुवारीला १ ते १९ वर्षांच्या मुलांना न तपासता ॲल्बेंडाझोल हे जंताचं औषध देतात. जंत होते म्हणून कुणाचं नाव पटावरून काढत नाहीत. कामावर निघालेल्या माणसाला वेगळा न्याय का?

बंधूंना माझ्यातर्फे दोन गोष्टी विचारा. मेसच्या संडासाबाहेर साबण आणि वाहतं पाणी आहे का? आणि जुलाब लागलेल्या आचाऱ्याला पगार न कापता सुट्टी मिळते का? पगार कापला जाणार असेल तर तो जुलाब लागल्याचं सांगणारच नाही, मग सहा महिन्यांपूर्वीचा त्याचा रिपोर्ट कितीही साफ असो.