बांधावरची गावठी बोर उपटू नका, तिच्यावर डोळा भरा

उन्हाळा लागला की सांगोला, मंगळवेढा, मोहोळकडं बांध साफ करायला जेसीबी फिरतो आणि आधी जाते ती बोर. काटे टोचतात, बोरं आंबट, किडकी, ही कारणं खरीच आहेत. पण वर्षाला 550 मिमीच्या आसपास, तोही बेभरवशाचा पाऊस असलेल्या सोलापुरात एवढं खोल सोटमूळ गेलेलं झाड काढायचं आणि तिथंच विकतचं रोप लावून टँकरनं जगवायचं, हे मला अजिबात पटत नाही.

त्याच खुंटावर डोळा भरून, म्हणजे कलमी बोरीची कळी सालीत बसवून, उमराण ही कलमी जात येते. मार्च-एप्रिलमध्ये खोड जमिनीपासून दीड-दोन फुटांवर करवतीनं कापा. कुऱ्हाडीनं ते फाटतं. फुटव्यांचा झुबका येईल, त्यातले जोमदार तीन-चारच ठेवा. जून-जुलैत फुटवा पेन्सिलीएवढा जाड झाला की सालीला इंचभर उभी आणि वर छोटी आडवी चीर द्या. साल अलगद सुटली पाहिजे. ओढावी लागली तर रस चढलेला नाही, चांगला पाऊस होईपर्यंत थांबा. डोळकाडी, म्हणजे डोळे असलेली उमराणची काडी, त्याच दिवशी कापलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली हवी. ढालीच्या आकाराचा डोळा चिरेत सरकवून प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधा, कोंब मात्र उघडा राहू द्या. 15-20 दिवसांनी डोळा हिरवागार दिसला की वरचा फुटवा छाटून टाका.

इथवर बहुतेकांचं जमतं, फसतं ते पुढं. डोळ्याखालून गावठी फुटवे येतच राहतात. ते वेळच्या वेळी काढले नाहीत तर कलम दबतं आणि झाड परत गावठी होतं. दर उन्हाळ्यात छाटणीही हवीच, कारण बोरीला फुलं नव्या फुटीवर येतात.

किडकी बोरं म्हणजे फळमाशी. अळी गळलेल्या बोरातून मातीत जाऊन कोष करते, म्हणून गळ रोज वेचून नष्ट करा आणि उन्हाळ्यात झाडाखालची माती खणून उन्हात तापू द्या. नुसत्या फवारणीवर विसंबू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फळांवर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम.

एखादी बोर मात्र गावठीच राखा, शेळ्यांना पाला होतो. बोरकुटालाही तिचीच आंबटगोड बोरं लागतात. उमराणला ती चव नाही. पिकलेली बोरं आठ-दहा दिवस कडक उन्हात वाळवा आणि उखळात हलक्या हातानं कुटा. जोर लावला की आठळी फुटते, तिच्या कपच्या कुटात मिसळतात आणि ते दाताखाली कचकचतं.