माझीच गोल गोल पापं

काळी गाडी घेऊ नकोस, असं मला तीन जणांनी बजावलं होतं. तिघांपैकी एकाकडेही गाडी नव्हती, म्हणून मी काळीच घेतली.

पुढची दोन वर्षं मी तिला रोज सकाळी पुसलं. कोरड्या फडक्याने, गोल गोल हात फिरवत, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. घरातल्या पंख्यावर बोटभर धूळ साचलेली असायची, तो विषय निघाला की मी खाली गाडी पुसायला गेलेला असायचो.

मग एका रात्री पार्किंगमधला जुना मिणमिणता दिवा काढून कुणीतरी पांढराशुभ्र एलईडी लावला आणि माझा संसार उघड्यावर आला. बॉनेटवर त्या दिव्याभोवती कोळ्याचं भलंमोठं जाळं पसरलं होतं. बारीक, चंदेरी, एकात एक गोल. बोट फिरवलं तर काहीच लागेना. नखाने खरवडून पाहावं असं मनात आलं, पण तेवढी अक्कल शिल्लक होती.

मोबाइलचा टॉर्च लावून जवळून पाहिलं. तर जाळं टॉर्चभोवती! टॉर्च डावीकडे नेला, जाळं डावीकडे. उजवीकडे नेला, तेही निमूटपणे मागून आलं. बाजूच्या दरवाजावर, डिकीवर, जिथे उजेड तिथे जाळं. रात्री पावणेबारा वाजता वाकून गाड्यांवर टॉर्च मारणारा माणूस काय करत असेल, याबद्दल वॉचमनचा वेगळा अंदाज होता. त्याची समजूत काढण्यात दहा मिनिटं गेली.

माझा एक मित्र हौसेने गाड्या चमकवतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "त्याला स्वर्ल मार्क म्हणतात. ओरखडे गोल नसतातच. ते वाटेल तसे, सगळ्या दिशांना पडलेले असतात. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल दिसतं."

"पण पडले कसे?"

"पुसतोस कशाने?"

मी सांगितलं. पलीकडे जी शांतता पसरली तशी मी फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी अनुभवली होती. धूळ म्हणजे बारीक वाळूच, हे त्याने मला समजावलं. कोरड्या फडक्याखाली ती दाबून फिरवली की फडक्याचा पॉलिशपेपर होतो. म्हणजे दोन वर्षं मी गाडी पुसत नव्हतो, घासत होतो. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, तेही रोज सकाळी, शीळ घालत.

आता हे घालवायचं कसं? ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. खड्डा बुजवायचा नाही, सगळं गावच सपाट करायचं. हा थर म्हणजे रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट. तो बहुतेक गाड्यांवर ४०-५० मायक्रॉनच्या आसपास असतो. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन. माझ्या डोक्यावर आता तेही मोजकेच उरलेत, त्यामुळे दोन्हीकडे जपून वागणं भाग होतं.

मी ड्युअल ॲक्शन पॉलिशर आणलं. त्याचं पॅड स्वतःभोवतीही फिरतं आणि वेडंवाकडं घुमतंही, त्यामुळे नवख्याच्या हातून रंग जळण्याची भीती कमी. शनिवारी सकाळी गाडी धुतली, मशीन लावलं, वेग सर्वांत वरचा ठेवला. मला हे काम लवकर आटपायचं होतं. कंपाउंड, म्हणजे ओरखडे घासून काढायची पेस्ट, पोळीला तूप लावावं तसं सढळ हाताने लावलं, अंगातला सगळा जोर मशीनवर टाकला आणि अंगण झाडल्यासारखे सपासप हात मारले. पहिल्या मिनिटाला भिंत, चष्मा आणि शेजारचे काका यांच्यावर पांढरे शिंतोडे उडाले. काका निवृत्त आहेत आणि इतरांच्या कामांवर देखरेख ठेवतात. चेहरा पुसत ते म्हणाले, "जोर कमी पडतोय तुमचा."

दोन तासांत अख्खी गाडी झाली. आणि काय चमकली म्हणता! काकांनी तिच्यात बघून भांग पाडला. मी मित्राला फोटो पाठवला. त्याने उत्तरादाखल एकच शब्द धाडला: "धू."

धुतली. दुसऱ्या धुण्याला जाळं परत हजर. म्हणे कंपाउंडमधलं तेल ओरखड्यांत भरून बसतं आणि ते झाकले जातात. मी ओरखडे घालवले नव्हते, तेलात मुरत ठेवले होते. शिवाय दारांच्या कडेच्या काळ्या प्लॅस्टिकवर कंपाउंडचे पांढरे डाग वाळले होते. ते आजही आहेत. प्लॅस्टिकवर आधी चिकटपट्टी लावायची असते, हे पाच मिनिटांचं काम मी वेळ वाचवण्यासाठी गाळलं होतं.

पुढच्या शनिवारी मित्र स्वतः आला. त्याने आधी मार्करने पॅडच्या कडेवर एक काळी रेघ ओढली. "आता मागच्या वेळेसारखं दाब." मी दाबलं. मशीन किंचाळत होतं, माझे दात वाजत होते, कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या. आणि ती रेघ? जागच्या जागी. पॅड फिरतच नव्हतं, नुसतं थरथरत होतं. म्हणजे गेल्या शनिवारचे दोन तास मी गाडीला मालिश केलं होतं. "आता हात सैल सोड." सोडला. रेघ गरगर फिरायला लागली.

मग त्याने बॉनेटवर चिकटपट्टीने दीड फुटाचा चौकोन आखला. एवढाच? एवढाच. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन बंद असतानाच ते रंगावर पसरवायचे, मग सुरू करायचं. हात सेकंदाला जेमतेम इंचभर पुढे. आधी आडवे पट्टे, मग त्यांच्यावर उभे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढलेला. गोगलगाय बाजूने गेली असती तर तिने हॉर्न वाजवला असता. झालं की स्पिरिट शिंपडून तेल पुसायचं आणि टॉर्च मारायचा, म्हणजे खरं काय ते कळतं. आधी मऊ फोमचं पॅड आणि सौम्य पॉलिश. निम्मेच ओरखडे गेले. मग तेच पॉलिश, पण मायक्रोफायबरचं पॅड. टॉर्च मारला तर चौकोनाच्या आत नुसता टॉर्च, एकटा, बिनाजाळ्याचा. चौकोनाच्या बाहेर माझी दोन वर्षं.

पॅड आणि पॉलिशची जोडी एकदा त्या चौकोनावर ठरली की बाकी गाडीवर विचार करायचा नाही, तेच करत जायचं. वेळ खातो तो हा विचार, आणि दुसरं म्हणजे मळकं पॅड. प्रत्येक चौकोनानंतर ब्रशने पॅड झाडायचं, तापून ओलं झालं की बदलायचं. मी एकाच पॅडवर अख्खी गाडी काढली होती, म्हणजे बॉनेटचा निघालेला थर डिकीला लावून आलो होतो. आता पाच पॅडं आळीपाळीने वापरली आणि पॉलिश कापायला लागलं. पुसायचं एक मायक्रोफायबरचं फडकं खाली पडलं, ते मी उचलून झटकलं, तेवढ्यात मित्राने हातातून काढून घेतलं. खाली पडलेलं फडकं गाडीला पुन्हा लागत नाही. ते आता घरी पंखा पुसायला आहे. पंखा लखलखतो.

काका मधूनमधून "इथे राहिलं बघा" म्हणून बोट टेकवत होते. प्रत्येक वेळी बोटाचा ठसा पुसायला नवं फडकं लागे. कडांवर आणि बॉनेटच्या उठावावर मित्राने मशीन अलगद नेलं, कारण तिथे थर आणखी पातळ असतो. संध्याकाळी सात वाजता शेवटचा दरवाजा झाला. टॉर्च मारला, कुठेही जाळं नाही. माझा चेहरा मात्र दिसला, आणि गाडीपेक्षा त्याला पॉलिशची गरज जास्त होती.

राहिलं छप्पर. कडेकडेने झालं होतं, मधल्या भागाला माझा हात पुरेना. स्टूल वर, घरी. जिने चढायचे, स्टूल आणायचं, पुन्हा पॅड, पुन्हा चौकोन, आडवे, उभे... छपराच्या मधोमध बघायला जातंय कोण? मी मशीनची वायर गुंडाळली. मित्र काहीतरी बोलणार होता, पण त्यालाही भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो. ऊन नुकतंच पार्किंगच्या कडेला पोचलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून काकांची हाक आली, "अहो, छपरावर मधोमध ते गोल गोल काय काढलंय? फार सुंदर दिसतंय इथून!"

मी वर पाहिलंच नाही.

"आणि गंमत बघा," काका गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत म्हणाले, "मी सरकतो तसं तेही सरकतंय!"