एकवीस दिवसांचा हिशेब मुळातच चुकलाय

व्हॉट्सॲपवर फिरणारा संदेश असा : ‘स्वतःला रोज फिट झालेलं डोळ्यांसमोर आणा, 21 दिवस एकही खाडा करू नका, व्यायामाची सवय लागणारच. नाही लागली तर इच्छाशक्ती कमी पडली.’

21 चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960च्या पुस्तकातला. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, हे त्याचं निरीक्षण. त्यातलं ‘किमान’ वाटेत गळालं आणि व्यायाम कुठून तरी चिकटला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना घेऊन सवय कशी मुरते ते तपासलं. अंदाज निघाला 18 ते 254 दिवसांचा, मधला आकडा 66. खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्तच वेळ लागला.

खाड्याचं म्हणाल, तर त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. बिघडवतो तो त्यानंतरचा विचार : ‘मोडलंच ना, आता एक तारखेपासून बघू.’ खाडा झाला की दुसऱ्या दिवशी निम्माच व्यायाम करा, पण करा.

नुसतं गोड चित्र रंगवल्याने उलट जोर ओसरतो, असं मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगेन यांच्या प्रयोगांत दिसलं. चित्रासोबत आपली नेमकी अडचण आणि तिचं उत्तर ठरवावं लागतं. ‘सकाळी पाऊस असेल, तर घरात सहा सूर्यनमस्कार.’ ‘ऑफिसातून यायला आठ वाजले, तर घरात न शिरता आधी दहा मिनिटं चालणं.’ ‘वेळ मिळाला तर करीन’ हा बेत नव्हे.

आता इच्छाशक्ती. इथे गाडीच उलटी जुंपलीय. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977मध्ये मांडलं की ‘मला जमेल’ हा भरवसा सगळ्यात जास्त येतो तो प्रत्यक्ष जमल्यातून. इतरांनी दिलेला धीर त्यापुढे कच्चा. म्हणून स्वतःला विचारा : पुढचे दोन आठवडे, आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं चालणं जमेल याची खात्री दहापैकी किती? सातच्या खाली उत्तर आलं तर मनाला दामटू नका, वीसची दहा मिनिटं करा. पहिल्याच दिवशी तासभर जिम मारणारे नेमके इथे फसतात : अंग आखडतं, धाप लागते आणि ‘मला झेपत नाही’ हा निकाल पक्का होतो. चालताना बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढी धाप योग्यच. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र थांबून डॉक्टरांना गाठा.