अकरा मिनिटांत चौदा सल्ले

लाइफ कोच म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. स्टेजवरून टाळ्या वाजवायला लावणारे, 'स्वतःवर प्रेम करा' म्हणून ओरडणारे लोक डोळ्यांसमोर यायचे. त्यांच्याबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. तरी ही पोस्ट कोचिंगच्या बाजूने आहे, कारण धाकट्या भावाशी माझं तुटत आलेलं बोलणं त्यामुळे सावरलं.

आमचं भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. नुसतं कोरडं पडत गेलं. फोन केला की "हं", "बघतो", "ठेवू का ताई?" मी कोचकडे गेले ती त्याची तक्रार घेऊनच. तो कसा तुटक वागतो, हे अर्धा तास सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "तुम्ही त्याला शेवटचा सल्ला कधी दिलात?"

मी म्हटलं, "म्हणजे काय, रोजच देते. मोठी बहीण आहे मी."

मग त्यांनी काम दिलं. पुढच्या फोनला वागण्यात काही बदल करायचा नाही. सल्ला दिला की कागदावर एक रेघ ओढायची, बास. फोन अकरा मिनिटं चालला आणि रेघा निघाल्या चौदा! नोकरी, झोप, गाडी चालवणं, दाढी. हो, दाढीसुद्धा. तिसऱ्या-चौथ्या फोनपासून एक गंमत व्हायला लागली. तोंडातून वाक्य निघायच्या आत हात पेनाकडे जायचा आणि वाक्य तिथेच गिळलं जायचं.

ही युक्ती त्या बाईंची नव्हे, हे नंतर वाचताना कळलं. टिमोथी गॉलवे नावाचा अमेरिकन टेनिस प्रशिक्षक होता. त्याच्या लक्षात आलं की 'मनगट असं धर, पाय तसा टाक' अशा सूचना कमी केल्या की खेळाडू उलट लवकर शिकतात. तो सांगायचा, चेंडू टप्पा घेईल तेव्हा 'बाउन्स' म्हण, रॅकेटला लागेल तेव्हा 'हिट' म्हण. बाकी काही सुधारायला जाऊ नकोस. १९७४ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं आणि आजच्या कोचिंगचं बरंचसं मूळ तिथे सापडतं. माझ्या रेघा म्हणजे माझं 'बाउन्स-हिट'.

नवरा-बायकोच्या नात्यावर अनेक वर्षं संशोधन करणारे जॉन गॉटमन सांगतात की जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कधीच पूर्ण सुटत नाहीत, कारण ते स्वभावातल्या फरकातून आलेले असतात. आणि वादाची सुरुवातच टोचून झाली, तर शेवटही बहुधा तसाच होतो. हे अभ्यास जोडप्यांचे आहेत, भावंडांचे नाहीत, पण मला ते जसेच्या तसे लागू पडले. भाऊ आळशी आहे तो आहेच. माझ्या फोनचं पहिलं वाक्य मात्र "अजून केलं नाहीस ना?" हे असायचं.

आता थोडं कडू. लाइफ कोच म्हणवून घ्यायला बहुतेक ठिकाणी कुठलाही परवाना लागत नाही. १९९५ साली सुरू झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन प्रमाणपत्रं देते. तिच्या पहिल्या पातळीसाठीही किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. तेव्हा निदान "कुठे शिकलात?" एवढं विचारायला लाजू नका. 'तीन सेशनमध्ये नवरा बदलून दाखवतो' म्हणणाऱ्याकडे तर फिरकूच नका. समोर नसलेल्या माणसाला कोण बदलणार? नात्यात मारहाण असेल, धाक असेल, तर तिथे कोचिंगचं काम नाही, आधी सुरक्षित व्हायचं. महिनोन् महिने झोप उडालेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. चांगला कोच हे स्वतःहून सांगतो.

परवा भावाने आपणहून फोन केला. नोकरी सोडायचा विचार आहे म्हणाला. मी गप्प.

"ताई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

मग तो चाळीस मिनिटं बोलला. कागदावर तीन रेघा पडल्या. त्यातली एक त्यानेच "तू काय करशील?" असं विचारल्यावरची, ती धरायची की नाही हे बाईंना विचारायचं राहिलंय.